एका तासात पाच पद्धती: एका परिचारिकेच्या रोजच्या ध्यानाचं प्रकरण

हे प्रकरण पिंपरी-चिंचवड भागातल्या एका साधिकेचं आहे. त्यांच्या संमतीने लिहिलं आहे. नाव, कामाची जागा आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना रजनीताई म्हणू. मी त्यांच्या वस्तीतल्या साप्ताहिक ध्यानवर्गाचा एक संयोजक. आचार्य वगैरे नाही, चटया अंथरणारा आणि घंटा वाजवणारा माणूस.

पार्श्वभूमी

रजनीताई ४७ वर्षांच्या. सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स, ड्यूटी तीन पाळ्यांत. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. माहेर नांदेडकडचं. आजोबांच्या पिढीने धम्मदीक्षा घेतलेली, त्यामुळे त्रिसरण-पंचशील त्यांना अक्षरओळखीच्या आधी पाठ झालं होतं. ध्यान मात्र घरात कुणीच करत नव्हतं. महाराष्ट्रातल्या पुष्कळ बौद्ध घरांत असंच झालं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर विहार उभे राहिले, वंदना आली, वर्षावासातलं ग्रंथवाचन आलं, लग्नाचे विधी बदलले. डोळे मिटून अर्धा तास बसणं आलं ते पुढच्या काही दशकांत, आणि मुख्यतः दोन वाटांनी.

पहिली वाट इगतपुरीची. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. दुसरी वाट पुण्याहून निघाली. इंग्रज भिक्खू संघरक्षित यांच्या शिष्यांनी १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण स्थापन केला. २०१० पासून तो त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणून ओळखला जातो. या वर्गांत दोन साधना शिकवतात, श्वास मोजत चार टप्प्यांची आनापानसती आणि पाच टप्प्यांची मेत्ता भावना, म्हणजे सगळ्यांविषयी सदिच्छा जागवणं. बहुतेक जण आज एक, उद्या दुसरी अशा आलटूनपालटून करतात.

रजनीताई दोन्ही वाटांनी गेल्या. वडील वारल्यानंतरच्या वर्षी त्यांनी पहिलं दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, आर्यमौन, साडेतीन दिवस नुसता श्वास, मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदनांचं निरीक्षण, तासतासाच्या अधिष्ठानाच्या, म्हणजे न हलता बसायच्या, बैठका आणि दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायचं, असं तिथे सांगतात. पाळीची ड्यूटी असलेल्या बाईला ते किती जमतं हे शिबिरात कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी उत्तर बदलत नाही. पुढे आणखी दोन शिबिरं झाली. मधल्या काळात शेजारणीबरोबर त्या आमच्या, म्हणजे त्रिरत्नच्या, वर्गात येऊ लागल्या आणि मेत्ता भावना शिकल्या. रात्रपाळीत वॉर्ड शांत असताना मोबाईलवर प्रवचनं ऐकायची सवय होती. त्यातून ब्रह्मदेशातले भिक्खू महासी सयादॉ यांच्या परंपरेतलं पोटाच्या हालचालीची मनात नोंद घेणं, ‘फुगतंय, बसतंय’, हेही सुरू झालं. बोधगयेच्या सहलीत एक माळ घेतली आणि तिच्याबरोबर ‘ॐ मणि पद्मे हूं’ आला.

यातली कोणतीही गोष्ट उडाणटप्पूपणाने झालेली नव्हती. प्रत्येक पद्धत त्यांनी जाणत्या माणसाकडून किंवा निदान नीट ऐकून घेतली होती. हे आधीच स्पष्ट करतो, कारण ‘पाच-पाच करतात’ म्हटलं की ऐकणारा लगेच हसतो.

अडचण

वर्ग संपल्यावर एकदा त्या मागे थांबल्या. म्हणाल्या, “सर, बसल्यावर शांत वाटायला पाहिजे ना? मी आतल्या आत धावतच असते.” तीन तक्रारी होत्या. भुवयांच्या मध्ये दाब येतो आणि उठल्यावरही तासभर राहतो. संध्याकाळी बसलं की रात्री झोप लागत नाही. आणि ध्यान करून उठलं की घरच्यांवर जास्त चिडचिड होते. नवरा थट्टेने म्हणायला लागला होता, “आज बसू नकोस, पोराचा पेपर आहे.”

त्यांचा एक तास कसा जातो ते सविस्तर विचारलं. सुरुवातीला सासूबाईंबरोबर वंदना. मग श्वास मोजणं. मन जरा थांबलं की शरीरभर संवेदना पाहणं. छातीपाशी आलं की तिथे जडपणा येई, गोळा आल्यासारखं होई. तेवढ्यात त्या पोटावर नोंद घ्यायला जात. ती कंटाळवाणी झाली की मेत्ता. मेत्तेच्या दुसऱ्या टप्प्यात डोळे भरून येत, मग माळ. माळेवर मन सुटलं की पुन्हा श्वास. तासात असे सात-आठ फेरे.

इथे आमच्यातल्या एकाने विचारलेला प्रश्न कामाचा ठरला: “ताई, बदल नेमका कधी करता? ठरवून, की नको वाटलं म्हणून?” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. “नको वाटलं की निघते तिथून.”

माझ्या मते सगळं प्रकरण त्या वाक्यात आहे. पद्धती पाच होत्या हा भाग दुय्यम. प्रत्येक पद्धतीत एक जागा अशी येते जिथे बसणाऱ्याची खरी गाठ पडते, आणि रजनीताईंकडे त्या प्रत्येक जागेहून बाहेर पडायला चार दारं होती.

याच्या जोडीला बाहेरचं दडपण होतं. शिबिरातली त्यांची मैत्रीण, जुनी साधिका, सतिपट्ठान शिबिराचा फॉर्म भरायचा आग्रह करत होती. त्यासाठी तीन दहा दिवसांची शिबिरं झालेली लागतात. ती झाली होती. पण दुसरी कोणतीही ध्यानपद्धती करत नसल्याचंही त्यात अपेक्षित असतं. मैत्रिणीचं म्हणणं, बाकीचं सगळं आजपासून बंद. आमच्या वर्गातल्या एक ज्येष्ठ धम्मचारिणी, म्हणजे त्रिरत्न संघात दीक्षा घेतलेल्या बाई, म्हणत, मेत्ता सोडू नका, तुमचा राग पाहता तीच हवी. सासूबाईंचं मत सगळ्यांत सोपं होतं: “आधी वंदना. मग डोळे मिटून काय करायचं ते कर.”

समोर असलेले पर्याय

त्यांच्याबरोबर बसून आम्ही चार पर्याय मांडले.

एक, सगळं सोडून फक्त विपश्यना. याच्या बाजूचं म्हणणं हलकं नव्हतं. गोएंकाजींच्या परंपरेत मिश्रणाला मनाई आहे ती भांडकुदळपणा म्हणून नाही. एका पद्धतीत खोलवर काय होतं हे कळायला तिला पुरेसा सलग वेळ द्यावा लागतो, आणि दोन पद्धतींच्या सूचना एकमेकींना छेद देऊ शकतात. श्वास मोजताना मोजणं चालू ठेवायचं असतं. संवेदना पाहताना शब्द, संख्या, रूप काहीच जोडायचं नसतं. दोन्ही एकाच तासात घातल्या की मन कोणती सूचना पाळतंय हे त्यालाच कळत नाही. पण एक गोष्ट मैत्रिणीच्या नजरेतून सुटत होती. त्या परंपरेतही मन फार अस्वस्थ असेल तर थोडा वेळ श्वासावर परतायला सांगतात आणि बैठकीच्या शेवटी मैत्री असते. म्हणजे तीन साधनांची जोडणी तिथेही आहे. फक्त क्रम ठरलेला आहे आणि तो साधकाच्या लहरीवर सोडलेला नाही.

दोन, वर्गात शिकवलेल्या दोनच ठेवायच्या. तीन, काही आठवडे सगळंच थांबवायचं. चार, एकापेक्षा जास्त ठेवायच्या, पण प्रत्येकीला वेगळी वेळ आणि वेगळं काम द्यायचं.

चौथ्या पर्यायावर वाद झाला, आणि वादात पाली सुत्तं, म्हणजे बुद्धांची प्रवचनं, निघाली. आपल्याकडे ती नेहमीच निघतात, आणि ज्याला जे हवं ते सापडतं. तरीही तीन ठिकाणं खरोखर या प्रश्नावरची होती.

उदानातल्या मेघिय सुत्तात तरुण मेघिय बुद्धांना एकटं सोडून आंब्याच्या राईत ध्यानाला जातो, तिथे काम, द्वेष आणि हिंसेचे विचार त्याला छळतात आणि तो परत येतो. बुद्ध त्याला जे सांगतात त्यात चार वेगवेगळ्या साधना आहेत: आसक्तीसाठी अशुभ (देहाची किळसवाणी बाजू पाहणं), द्वेषासाठी मेत्ता, विचारांची साखळी तोडायला आनापानसती, ‘मी’पणासाठी अनित्यसंज्ञा (सगळं बदलतं हे पाहणं). एकाच माणसाला चार. पण या चारांच्या आधी पाच गोष्टींची यादी येते आणि तिच्यात पहिला आहे कल्याणमित्र, म्हणजे धम्माच्या वाटेवरचा चांगला सोबती. मेघिय राईत गेला तेव्हा नेमकं तेच मागे सोडून गेला होता.

मज्झिम निकायातलं महाराहुलोवाद सुत्त तर आजच्या साधकाला ओळखीचं वाटावं. बुद्ध राहुलला रूप ‘माझं नाही’ असं पाहायला सांगतात. राहुल झाडाखाली बसतो. तिथून जाणारे सारिपुत्त त्याला म्हणतात, आनापानसती कर. एकाच दिवशी दोन गुरू, दोन सूचना! राहुल संध्याकाळी बुद्धांकडे जाऊन आनापानसतीविषयी विचारतो, आणि उत्तरात आधी पृथ्वी, पाणी वगैरे धातूंचं ध्यान, मग पृथ्वीसारखं होणं, मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्षा, अशुभ, अनित्य, आणि शेवटी आनापानसती येते. पद्धती अनेक असणं ही आजच्या मोबाईलची देणगी नाही, एवढं यावरून नक्की.

तिसरं, वितक्कसंठान सुत्त. इथे बैठक चालू असतानाच उपाय बदलायला सांगितलंय. नको तो विचार येत राहिला तर आधी दुसऱ्या, चांगल्या विषयाकडे वळा, नाही जमलं तर त्या विचाराचे दोष पाहा, मग दुर्लक्ष, मग विचाराची गती शांत करणं, आणि अगदी शेवटी दात आवळून मनाला आवर घालणं. हे सुत्त वाचून आमच्यातला एक जण म्हणाला, बघा, रजनीताई बरोबरच करतायत. पण फरक आहे. सुत्तात पहिला उपाय फसल्यावरच दुसरा येतो, आणि बदल केला जातो अकुशल, म्हणजे लोभ-द्वेष-मोहाच्या, विचारासाठी. रजनीताई पळत होत्या ते दुःखापासून, आणि दुःख काही अकुशल विचार नव्हे.

स्वतः रजनीताईंनी या सगळ्या चर्चेपेक्षा नेमकं बोलून टाकलं. “पेशंटच्या चार्टवर चार डॉक्टरांनी चार औषधं लिहिली आणि कुणीच एकमेकांचं वाचलं नाही, तसं झालंय माझं.”

पहिला निर्णय: आधी तपासणी

ध्यानातला दाब हा ध्यानामुळेच आहे, असं धरून चालायचं नाही हे आधी ठरलं. स्वतः नर्स असून ताईंनी स्वतःचं काहीच तपासलं नव्हतं. हे या व्यवसायातल्या बायकांचं नेहमीचं आहे. रक्तदाब ठीक निघाला. हिमोग्लोबिन कमी होतं. मासिक पाळी अनियमित झाल्याचा काळ होता, झोप आधीपासून मोडलेली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. चष्म्याचा नंबरही बदललेला निघाला.

मानसिक आजाराची पूर्वीची काही नोंद, घाबरे होण्याचे झटके, स्वतःला इजा करण्याचे विचार, हेही स्पष्ट विचारलं. नव्हतं. असतं तर पुढचं सगळं आम्ही केलं नसतं. लांब बैठका थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं असतं. ध्यानवर्गात असले प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण दहा मिनिटांचा संकोच परवडतो.

दुसरा निर्णय: काय थांबवायचं

तिसरा पर्याय, म्हणजे सगळंच बंद, ताईंना नको होता. “बसले नाही तर दिवस हातातून जातो,” असं म्हणाल्या. मग संवेदना-निरीक्षण सहा आठवडे थांबवायचं ठरलं. माझं मत उलट होतं. मला माळ आणि नोंद थांबवाव्यात असं वाटत होतं, कारण त्या सगळ्यांत नंतर आल्या होत्या. धम्मचारिणींनी वेगळा मुद्दा काढला: नंतर काय आलं यापेक्षा सध्या कशाने ताण वाढतोय ते पाहा. संवेदना पाहताना छातीतला गोळा मोठा होतो आणि तिथूनच पळापळ सुरू होते, तर तो दरवाजा थोडे दिवस बंद ठेवा. त्यांचं बरोबर होतं.

उरलेल्यांची मांडणी अशी झाली. वंदना सासूबाईंबरोबर, मोठ्याने, पूर्ण; ध्यानाची प्रस्तावना म्हणून घाईत उरकायची नाही. सकाळच्या किंवा दुपारच्या पाळीच्या दिवशी अर्धा तास बसायचं, एक दिवस श्वास, एक दिवस मेत्ता. रात्रपाळी करून आल्यावर बसायचंच नाही, कारण तेव्हा त्या मेत्तेत सरळ झोपत होत्या. संयुत्त निकायातल्या अग्गि सुत्तात मन सुस्त असताना शांतता आणि समाधी वाढवण्याची ती वेळ नव्हे, त्या वेळी वीर्य (उत्साह) आणि प्रीती (आनंद) जागवा, असं आहे. म्हणून रात्रपाळीनंतर गच्चीवर पंधरा-वीस मिनिटं चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, ठेवलं. पोटाची नोंद तिथे पायाकडे आली: उचलतेय, पुढे नेतेय, टेकवतेय. महासी परंपरेत चालणं आणि बसणं आलटूनपालटून असतंच, त्यामुळे नोंदीला तिथे हक्काची जागा मिळाली. माळ बसच्या प्रवासासाठी. संध्याकाळी जेवणानंतर काहीही नाही.

आणि नियम एकच. बसायच्या आधी वहीत लिहायचं, आज कोणती साधना. घंटा होईपर्यंत ती बदलायची नाही. मोजणं सुटलं तर पहिल्या टप्प्यावर या, पण श्वासातच राहा. खूपच धडधडलं, श्वास कोंडला, घाबरं झालं तर डोळे उघडा आणि उठा. दुसऱ्या पद्धतीत जाऊ नका. बैठक मोडणं चालेल, पळवाट नको. पद्धत बदलायची असेल तर ते उठल्यावर, वहीत लिहून, आठवड्याच्या शेवटी कुणाशी तरी बोलून ठरवायचं.

हा नियम फार कडक आहे असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं, आणि वितक्कसंठानाच्या आधारे त्यांच्याकडे मुद्दाही होता. सरसकट सगळ्यांना मी तो सांगणार नाही. ज्याला एकाच पद्धतीत कोंडल्यासारखं होतं, अशा माणसाला तो अपायकारकही ठरेल. रजनीताईंची सवय उलट दिशेची होती.

वहीत काय सापडलं

वहीत तीनच ओळी लिहायच्या होत्या: काय केलं, कुठे नको वाटलं, उठल्यावर कसं होतं. तिसऱ्या आठवड्यात आम्ही ती वाचली. श्वासाच्या दिवसांपुढे ‘कंटाळा’, ‘झोप’, ‘ठीक’ असले शब्द. मेत्तेच्या प्रत्येक दिवसापुढे ‘दुसरा टप्पा, रडू’.

दुसरा टप्पा मित्राचा. त्या जागी कुणाला घेता, असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, “पप्पांना.”

वडील जाऊन तोवर पाच वर्षं झाली होती.

बुद्धघोषांच्या पाचव्या शतकातल्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात मेत्तेच्या प्रकरणात स्पष्ट बजावलंय की सुरुवातीला अप्रिय माणूस, फार लाडका माणूस, वैरी अशांना घेऊ नये, आणि मृत व्यक्तीला तर घेऊच नये. तिथे एक छोटी गोष्टही आहे. एका तरुण भिक्खूची मेत्ता काही केल्या स्थिर होत नाही. थेरांकडे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंकडे, गेल्यावर कळतं की ज्या आचार्यांना तो मनात धरत होता ते केव्हाच वारलेत. वर्गात मेत्ता शिकवतानाही मित्र साधारण आपल्या वयाचा, हयात, आणि ज्याच्याविषयी शारीरिक ओढ नाही असा निवडा, असं सांगितलं जातं. ताईंनी ते ऐकलंही होतं. पण ‘ज्यांच्याविषयी सहज प्रेम वाटतं’ हे शब्द कानावर पडल्यावर दुसरं कोण आठवणार होतं?

म्हणजे रोज मेत्तेच्या नावाखाली शोक चालला होता. शोकाला जागा हवीच. पण अर्ध्या तासाच्या भावनेतली पाच मिनिटं, आणि लगेच ‘आता तटस्थ व्यक्ती’ असं म्हणत पुढे जाणं, ही ती जागा नव्हे. छातीतला गोळा आणि हे रडू एकच होतं का, हे खात्रीने सांगता येत नाही. ताईंना तसं वाटतं.

मित्राच्या जागी वॉर्डातल्या एक सहकारी सिस्टर आल्या. वडिलांसाठी वेगळं काही करायचं ठरलं आणि ते सासूबाईंनी सुचवलं: दर पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर त्यांच्या नावाने पुण्यानुमोदन, म्हणजे पुण्य त्यांना अर्पण करणं, आणि शक्य तेव्हा दान. ध्यानवर्गातल्या आम्हा मंडळींना हे सुचलं नव्हतं. आम्ही पद्धती शोधत होतो, त्या विधी शोधत होत्या.

शिबिराच्या फॉर्मचा प्रश्न

सहा आठवडे होत आले तेव्हा शिबिराचा फॉर्म पुन्हा समोर आला. मैत्रीण म्हणाली, वर्गाचं लिहू नकोस, एवढं कोण विचारतंय. ताईंनी फॉर्म भरला नाही. “रोज सकाळी मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, म्हणायचं आणि तिथे खोटं लिहायचं का?” त्यांनी विपश्यनेच्या सहायक आचार्यांना भेटून सरळ सगळं सांगितलं. उत्तर सौम्य पण स्पष्ट मिळालं: तुम्हाला जी पद्धत लाभते ती धरा, पण एक धरा, ही धरायची असेल तर काही काळ पूर्णपणे हीच करून पाहा.

आमच्या वर्गातल्या काहींना हे उत्तर संकुचित वाटलं. मला तसं वाटत नाही. लांब शिबिरात साधक दिवसाचे दहा तास बसतो. तिथे सूचना देणाऱ्याला समोरचा काय करतोय हे माहीत असलं पाहिजे. अट न पटणं वेगळं आणि ती लपवून आत जाणं वेगळं.

परिणाम

भुवयांमधला दाब महिनाभरात बराच कमी झाला. श्रेय कुणाचं, हे सांगता येणार नाही: लोहाच्या गोळ्या, नवा चष्मा, संध्याकाळची बैठक बंद होणं आणि पद्धत न बदलण्याचा नियम, सगळं एकाच सुमारास झालं. झोप सुधारली, पण रात्रपाळीच्या आठवड्यात अजून मोडते. ती ध्यानाने सुटणारी गोष्ट नाही.

चिडचिडीबाबत नवऱ्याचं मत ‘पहिल्यापेक्षा बरं’. मेत्तेच्या चौथ्या, न पटणाऱ्या माणसाच्या, टप्प्यात ताई ज्या वरिष्ठांना घेतात त्यांच्याशी संबंध सुधारले नाहीत. फक्त राग येतोय हे तोंडातून शब्द जाण्याआधी कळतं, असं त्या म्हणतात; कधी कधी शब्द जातातच.

संवेदना-निरीक्षण सहा आठवड्यांनी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी परत सुरू केलं, पूर्ण तास. छातीपाशी जडपणा येतो, थांबतो, जातो. ही साधना बंद असताना त्यांना तिची जितकी आठवण आली तितकी दुसऱ्या कशाची आली नाही. माळ पुढे आपोआप सुटली. गच्चीवरचं चालणं मात्र सगळ्यांत पक्कं बसलं, आणि ते मूळ पाचांत नव्हतंच.

आणखी एक, ज्याची आम्ही अपेक्षा केली नव्हती. वंदना घाईत न उरकता म्हणायला लागल्यावर बारावीतला मुलगा आजीच्या शेजारी येऊन बसायला लागला. परीक्षेची भीती असेल, किंवा काही असेल.

मैत्रिणीचा आक्षेप कायम आहे. रजनीताईंचा सध्याचा विचार असा: मुलाची परीक्षा आणि प्रवेश आटोपले की एक वर्ष बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त विपश्यना करून पाहायची आणि मग फॉर्म भरायचा. धम्मचारिणींना ते पसंत नाही. मला पसंत आहे, कारण या वेळी तो बदल त्यांनी उठून, विचार करून ठरवलाय.

वेगळं काय करता आलं असतं

वडिलांविषयीचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारता आला असता. पहिल्या शिबिराचं कारणच त्यांचा मृत्यू होतं, हे ताईंनी सुरुवातीला सांगितलं होतं. आम्ही तेव्हा पद्धतींची यादी करण्यात गुंतलो होतो. वहीत तो तिसऱ्या आठवड्यात सापडला, ते आठवडे वाचले असते.

तपासणी आणि नवी मांडणी एकदम सुरू न करता पंधरा दिवसांच्या अंतराने केली असती तर कशाने काय झालं हे जास्त कळलं असतं. पण दुखणाऱ्या माणसाला ‘आधी गोळ्यांचा परिणाम पाहू’ म्हणून थांबवणं मला अजूनही पटत नाही.

सहायक आचार्यांकडे आधीच जायला हवं होतं. मैत्रीण त्या परंपरेच्या वतीने जे बोलत होती त्यात तिचा स्वतःचा आग्रह बराच मिसळलेला होता. आचार्यांचं उत्तर त्याहून मऊ निघालं. हेच आमच्याकडच्यांनाही लागू आहे. त्रिरत्नच्या वर्गात ‘मेत्ता सोडू नका’ म्हणणारा प्रत्येक जण ताईंची वही वाचून बोलत नव्हता.

वर्गात आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. नवीन माणूस आला की तो आणखी कुठे, काय शिकलाय हे विचारून ठेवतो. सोडा म्हणत नाही, फक्त माहीत असावं म्हणून. आणि मेत्तेच्या दुसऱ्या टप्प्याआधी संचालन करणारा एक वाक्य जास्त म्हणतो: निवडलेली व्यक्ती हयात आहे ना, ते एकदा पाहून घ्या. मागच्या महिन्यात त्या वाक्यानंतर एक काका उठून बाहेर गेले. त्यांच्याशी बोलणं अजून व्हायचं आहे.